इम्पॅक्ट दिसला पाहिजे!

किस्से सांगायला बसले की लोक विचारतात, "सुजाता, तुला हे सगळं कळतं तरी कुठून?"

कळायला काय लागतं? मी लायब्ररियन आहे. लायब्ररीत बोलायचं नाही असा नियम असल्यामुळे अख्ख्या ऑफिसला तिथेच येऊन बोलावंसं वाटतं. आणि हळू आवाजात सांगितलेली गोष्ट तर जास्तच नीट ऐकू येते. पुस्तकं हल्ली कुणी नेत नाही, किस्से मात्र रोज येऊन पडतात. जागा उरली नाही की मग असे बाहेर काढावे लागतात.

परळला, जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या टॉवरच्या मागे आमची संस्था आहे. पर्यावरण आणि वन्यजीव संशोधनाची. टॉवरच्या वॉचमनला अजूनही वाटतं की आम्ही गोडाऊन आहोत. आमची काही माणसं बघितली की त्याचं फार चुकतं असंही म्हणवत नाही. मी स्वतः वरळीच्या बीडीडी चाळीत वाढले, आता तिथेच उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये राहते. त्यामुळे टॉवरचं आणि टॉवरवाल्यांचं मला काही कौतुक नाही.

या संस्थेत माझी एक जिवाभावाची मैत्रीण आहे, डॉ. फिलोमिना. माहीमची, जुन्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरातली. लहानपणी खाडीच्या चिखलात खेळली आणि मोठेपणी त्याच चिखलातल्या खेकड्यांवर डॉक्टरेट केली. तिची आई अजून म्हणते, "चिखलातून बाहेर पडावी म्हणून शिकवली, तर ही शिकून परत चिखलात!" खाडीकाठी पत्र्याची एक खोली आहे, तेच तिचं फील्ड स्टेशन. बिचारी कित्येक वर्षं कॉन्ट्रॅक्टवर आहे. यंदा तिची कायम होण्याची केस समितीपुढे जाणार होती. कायम झाली तर खाडीचं काम चालू राहणार, नाही झाली तर तिला घरी पाठवून स्टेशनला कुलूप लावणार.

आणि हे सगळं ठरणार होतं एका आकड्यावर. त्या आकड्याने आमच्या संस्थेचं काय करून ठेवलं, ते ऐका.

* * *

सुरुवात डायरेक्टरसाहेबांनी केली. ते दिल्लीला कुठल्याशा वर्कशॉपला गेले आणि परत आले ते वेगळेच होऊन. आल्या आल्या सगळ्यांना हॉलमध्ये गोळा केलं आणि म्हणाले, "कोण किती वर्षं आहे, कोण किती राबतं, हे आजपासून मी बघणार नाही. इम्पॅक्ट! इम्पॅक्ट दिसला पाहिजे!"

मग त्यांनी इंडेक्स समजावला. साधी गोष्ट आहे. तुम्ही एक शोधनिबंध लिहिलात, म्हणजे आमच्या भाषेत पेपर. दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात त्याचा उल्लेख केला की ते झालं साइटेशन. तुमच्या दहा पेपरांचा प्रत्येकी निदान दहा वेळा उल्लेख झाला की तुमचा इंडेक्स दहा. वीस पेपरांचा वीस-वीस वेळा झाला की वीस. संपलं! जंगल वाचलं का, पक्षी जगला का, हे त्यात कुठेच येत नाही.

साहेबांनी प्रत्येकाच्या दारावर नावाखाली इंडेक्स लावायचं ठरवलं. आकडा वाढता असणार, म्हणून पाटी रंगवून चालणार नव्हती. मग दादरच्या मैदानात मॅचच्या वेळी असतात तसे खिळ्याला टांगायचे पत्र्याचे आकडे आणले. झालं! जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी ते आकडे एकमेकांच्या दारावर बदलायला लागलं. डबा खाऊन येईपर्यंत कालचा पोरगा मोठा शास्त्रज्ञ व्हायचा, आणि मोठ्या शास्त्रज्ञाला धाप लागायची.

सगळी दारं झाली, साहेबांचंच दार रिकामं राहिलं. साहेबांनी शेवटचा पेपर कधी लिहिला, हे मलाही सापडलेलं नाही, आणि शोधून काढणं हाच माझा धंदा आहे. खिळे ठोकणाऱ्या सुताराने शेवटी सरळ विचारलं, "साहेब, तुमचा नंबर काय टांगू?"

साहेब म्हणाले, "अरे, फूटपट्टी ज्याच्या हातात आहे त्यानेच आपली उंची मोजून घ्यायची का?"

* * *

डॉ. गोडबोले पक्ष्यांचे. तळ्यातल्या पक्ष्यांवर त्यांनी आयुष्य घालवलं. पण इंडेक्स आल्यापासून दुर्बीण कपाटात गेली आणि गोडबोले रोज सकाळी माझ्या टेबलापाशी यायला लागले. लोक लॅबमध्ये शुगर तपासायला जातात तसे.

"सुजाताबाई, बघा हो जरा. वाढला?"

"नाही सर. कालचाच आहे."

"नीट बघा. आपण झोपलो तेव्हा अमेरिका जागी होती!"

अमेरिकेच्या भरवशावर किती दिवस काढणार? गोडबोल्यांनी आपली सोय आपणच करायला घेतली. नव्या पेपरात त्यांचेच जुने पेपर, जुन्यांत त्याहून जुने. वाचणाऱ्याला वाटावं की या पृथ्वीवर पक्षी बघणारा आजवर एकच माणूस झाला. पेपर छापण्याआधी तो एका परीक्षकाकडे जातो. त्या परीक्षकाने वैतागून लिहिलं, "लेखकाने इतरांचंही काही वाचावं."

गोडबोल्यांनी ते मनावर घेतलं. इतर म्हणजे कोण, असा विचार करत घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी मिसेसचा पीएचडीचा प्रबंध घेऊन आले.

मी म्हटलं, "सर, मॅडम तर होम सायन्सच्या ना?"

"हो. मोड आलेल्या कडधान्यांवर आहे."

"आणि तुमचा पेपर पाणपक्ष्यांवर!"

"पक्षी तळ्याकाठचं भिजलेलं धान्य खातात. धान्य भिजलं की त्याचं काय होतं, ते हिने सांगूनच ठेवलंय!"

पेपर छापून आला. महिन्याभरात गोडबोलेवहिनींना पाणपक्ष्यांच्या तज्ज्ञ म्हणून एका परिषदेचं आमंत्रण आलं. वहिनी बिनधास्त गेल्या आणि मोडांवरच बोलल्या. प्रश्नोत्तरांच्या वेळी म्हणे सगळ्या पक्षितज्ज्ञांनी एकच प्रश्न विचारला. वाल सोलताना फुटू नयेत म्हणून काय करायचं?

* * *

आमचे दुसरे थोर म्हणजे डॉ. पाठारे. गिरगावचे, बेडकांचे. गोडबोले आणि पाठारे यांच्यात एक जुना रिवाज होता. शेजारणी एकमेकींकडे काहीबाही घालून वाटी पाठवतात आणि वाटी रिकामी परत द्यायची नाही असं पाळतात, तसं या दोघांचं साइटेशन चालायचं. याने त्याचा उल्लेख करायचा, त्याने याचा. दोघंही सुखात होते.

मग एसीवरून बिनसलं. दोघांची एकच खोली. पाठाऱ्यांना उकडतं आणि गोडबोल्यांना सर्दी होते. रिमोट लपवण्यापर्यंत गोष्ट गेली. त्यानंतर पाठाऱ्यांचा जो पेपर आला त्यात गोडबोल्यांचं नावच नाही. वाटी रिकामी परत आली!

गोडबोले तणतणत डायरेक्टरसाहेबांकडे गेले. मी तिथे फाइल घेऊन उभी होते, त्यामुळे हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. साहेबांनी पाठाऱ्यांना बोलावून घेतलं.

"पाठारे, बेडकांना कोण कोण खातं?"

"साप खातात."

"आणखी?"

"मुंगूस."

"आणखी बोला."

पाठारे ओठ मिटून छताकडे बघायला लागले. साहेबांनी टेबलावर हात आपटला तेव्हा कुठे तोंडातून शब्द आला, "पक्षी."

"मग पुढच्या पेपरात तेवढं वाक्य लिहा आणि त्याखाली गोडबोल्यांचे पेपर द्या. एवढं सोपं आहे आणि तुम्ही पोरांसारखे भांडताय!"

पाठाऱ्यांनी लिहिलं. 'पक्षी बेडकांना खातात', आणि पुढे कंसात गोडबोले, गोडबोले, गोडबोले. परीक्षकाचं पत्र आलं की ही गोष्ट सर्वांना माहीत आहे, तिला इतके पुरावे कशाला, हे वाक्य काढून टाकावं.

पाठाऱ्यांनी अत्यंत नम्रपणे उत्तर पाठवलं, "आमच्या खोलीतल्या एसीचं तापमान नक्की होईपर्यंत हे वाक्य काढता येणार नाही."

* * *

आमच्या मजल्यावर पांडूआबा राहतात. गिरणीतून रिटायर झालेले, चाळीपासूनचे शेजारी. एकदा लिफ्टची वाट बघत असताना त्यांनी विचारलं, "सुजे, तू ऑफिसात करतेस तरी काय?" मी इंडेक्स समजावून सांगितला.

आबा म्हणाले, "म्हंजे लोकांनी नाव घेतलं की झालं? चांगलं घेतलं का वाईट, ते नाय बघत?"

"नाही बघत, आबा."

"मग आपल्या चाळीत पाण्याची मोटर लावायचा तो दिल्या आठवतो ना? सकाळच्या पारी अख्खी चाळ त्याचं नाव घ्यायची. त्याला कर की डायरेक्टर!"

मी हसले. पण ऑफिसात आले तर खरंच पेढे वाटणं चालू होतं. डॉ. पाठाऱ्यांचा इंडेक्स एकदम वर गेला होता!

झालं होतं असं, की काही वर्षांपूर्वी पाठाऱ्यांना सह्याद्रीतल्या एका विहिरीत बेडूक सापडला. पाठीवर कधी न बघितलेले फोड होते. पाठाऱ्यांनी नवी जात म्हणून जाहीर केलं, वर्तमानपत्रात फोटो आला, गिरगावात सत्कार झाला. मग दक्षिणेतल्या काही तरुण मंडळींनी तोच बेडूक तपासला. जात नवी नव्हती. बेडूक नेहमीचाच होता, बिचाऱ्याला त्वचारोग झाला होता.

तेव्हापासून जगात कुणीही बेडकाची नवी जात शोधली की पेपरात आधी लिहितात, 'पाठारे यांच्यासारखी चूक होऊ नये म्हणून आम्ही प्राण्याची तब्येत तपासली'. विद्यार्थ्यांच्या पुस्तकांतही पाठारे गेले. संशोधन कसं करू नये, या प्रकरणात! प्रत्येक वेळी साइटेशन जमा होत राहिलं आणि माणूस आमच्या संस्थेत सगळ्यांत वरती जाऊन बसला. साहेबांनी त्यांच्या दारावर नवा आकडा स्वतःच्या हाताने टांगला.

मला राहवलं नाही. पेढा हातात घेऊन मी म्हटलं, "सर, पण हे सगळे तुम्हाला चूक म्हणतायत हो!"

पाठारे जराही चिडले नाहीत. प्रेमाने म्हणाले, "सुजाता, मी चुकलो हे सगळ्या जगाला माहीत आहे. तू बरोबर आहेस, हे कुणाला माहीत आहे?"

* * *

आता फिलोमिनाचं ऐका. तिचा इंडेक्स इतका बारीक होता की तिच्या दारावरच्या दोन खिळ्यांपैकी एक कायम मोकळाच राहायचा. त्यावर ती छत्री टांगायची.

काम नव्हतं असं नाही. तिने मराठीत एक छोटी पुस्तिका लिहिली होती. अंड्यांवर आलेली खेकडी कशी ओळखायची आणि ती परत पाण्यात का सोडायची, एवढंच, चित्रं काढून. माहीमच्या कोळणींनी ती पानं फाडून जेट्टीजवळच्या शेडच्या भिंतीवर चिकटवली आणि खरोखर खेकड्या सोडायला लागल्या. मधे खेकडे मिळेनासे झाले होते, ते परत मिळायला लागले. पण आमच्या सॉफ्टवेअरला फक्त जर्नल दिसतात. माहीमची भिंत त्याला दिसत नाही.

मला फार वाईट वाटायचं. केसची तारीख जवळ आली तेव्हा मी हट्टाने डायरेक्टरसाहेबांना माहीमला नेलं. म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघा. साहेब बूट सांभाळत शेडपर्यंत आले. भिंतीकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मला वाटलं, आता विरघळले.

साहेब म्हणाले, "याला डीओआय नाही."

डीओआय म्हणजे छापील पेपरला मिळतो तो ओळखीचा नंबर. भिंतीला कुठून असणार? तेवढ्यात टोपली घेऊन एक कोळीण आली. साहेबांनी तिला गाठलं.

"बाई, ही खेकडी तुम्ही सोडता ती कुणाच्या सांगण्यावरून?"

"फिलूच्या. ती बोलली म्हणून सोडतो आम्ही. आता बरकत आली."

"मग तुम्ही तिचं नाव कुठे लिहून ठेवलंय का?"

कोळणीने टोपली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "नाव कशाला लिवायचं? मेली हाय काय ती?"

फिलोमिना खो खो हसली. मला हसू आलं नाही. साहेबांनी टॅक्सीत बसताना मला सांगितलं, "प्रयत्न चांगला होता. पण साइटेशन नाही."

* * *

पेपर मोजून झाले, भिंत मोजता येईना, तर साहेबांनी नवीन काढलं. सोशल मीडिया इम्पॅक्ट! प्रत्येकाने आपल्या संशोधनाचा व्हिडिओ टाकायचा, आणि खाली लोक किती बोलतात ते धरायचं.

फिलोमिनाला मी म्हटलं, "बघ, ही शेवटची संधी आहे. टाक काहीतरी."

ती म्हणाली, "अगं, माझे खेकडे काय नाचतात का?"

नाचत होते की! तिच्या खाडीत एक इवलासा खेकडा आहे. नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी असते आणि मादीला बोलावायला तो ती वरखाली हलवतो. फिलोमिनाने तासन् तास चिखलात पडून त्याचा सुंदर व्हिडिओ काढला. खाली लिहिलं की हा जीव खाडीच्या तब्येतीची खूण आहे, याची बिळं बुजली तर खाडी मरेल.

व्हिडिओ धो धो चालला. सकाळी मी उघडून बघते तर खाली लोकांची झुंबड! पहिल्याच बाईने लिहिलं होतं, 'याला तिरफळ घालायचं की नाही?' त्यावर दुसरी उसळली, 'तिरफळ माशाला, कुर्लीला गरम मसाला!' मग रत्नागिरी आणि मालवण यांची जुंपली. मग वसईवाले बॉटल मसाला घेऊन उतरले. कुणीतरी लिहिलं, 'ताई, नांगी वेगळी ठेवा, सुपाला छान.' खाडीच्या तब्येतीबद्दल एकही अक्षर नाही, सगळ्यांना रश्श्याची काळजी.

मी कॅन्टीनमध्ये सावंतमावशींना दाखवलं. मावशी लालबागच्या, मूळच्या मालवणच्या. त्यांनी मोबाइल जवळ धरून खेकडा नीट निरखला आणि तोंड वाकडं केलं.

"मेल्यांका अक्कल नाय! ह्येचो काय रस्सो होतलो? फोडूक गेलास तर हातात कायच गावाचा नाय!"

साहेबांनी मात्र रिपोर्टमध्ये लिहून टाकलं, 'खाडीच्या जैवविविधतेबद्दल नागरिकांत प्रचंड आस्था'. फिलोमिनाला बोलावून शाबासकी दिली आणि म्हणाले, "पुढच्या वेळी कोलंबीवर काहीतरी करा."

* * *

आणि मग समितीचा दिवस उजाडला.

इंटरव्ह्यू दोघांचा होता. फिलोमिनाची कायम होण्याची केस आणि गोडबोल्यांची बढती. समितीचे अध्यक्ष बाहेरून आणले होते. मॅनेजमेंटचे गृहस्थ, साबण-शाम्पूच्या कंपन्यांना सल्ला देऊन रिटायर झालेले. माणूस वाईट नव्हता. हसरा होता, सगळ्यांना मॅडम-सर म्हणायचा. त्यांनी आधीच कळवलं होतं, "पेपर-बिपर मला कळत नाहीत. मला दोन फोटो दाखवा. तुमच्या कामाच्या आधीचा आणि नंतरचा. बिफोर आणि आफ्टर. इम्पॅक्ट आपोआप दिसतो!"

प्रोजेक्टर लायब्ररीच्या ताब्यात, त्यामुळे तो चालवायला मी. पहिल्यांदा फिलोमिना उभी राहिली. आईने इस्त्री करून दिलेली साडी नेसून आली होती. बोलली नीट. काही वर्षांपूर्वी तिच्या स्टेशनजवळचा खाडीचा तुकडा भरून तिथे वाहनतळ करायचं ठरत होतं. तिने भरती-ओहोटी सांभाळून, पावसाळे धरून, तिथल्या जिवांची मोजदाद केली. अहवाल दिला, सुनावणीला उभी राहिली, पुन्हा पुन्हा गेली. शेवटी वाहनतळ दुसरीकडे नेला.

मी पहिला फोटो लावला. चिखल, तिवरं, वर आभाळ. मग दुसरा लावला. चिखल, तिवरं, वर आभाळ.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "मॅडम, चुकून तोच फोटो दोनदा लागलाय का?"

"नाही सर. पहिला जुना आहे, दुसरा गेल्या आठवड्यातला."

"पण यात बदल काय झालाय?"

"काहीच नाही, सर."

"मग तुम्ही इतकी वर्षं केलं काय?"

फिलोमिना म्हणाली, "हेच केलं, सर."

अध्यक्ष पुढे वाकून दोन्ही फोटो बारकाईने बघत राहिले. मुलांच्या मासिकात दोन चित्रांतला फरक ओळखायचा असतो, तसे. मग त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "वाहनतळ झालाच नाही ना? मग तो झाला असता तर काय झालं असतं, याचा एखादा फोटो आहे का?"

फोटो नव्हता. माझा जीव तिच्यासाठी तीळतीळ तुटत होता आणि मी नुसती रिमोट धरून उभी होते.

मग गोडबोले उठले. त्यांचं तळं शहराबाहेरचं. तरुणपणापासून तिथे जायचे. मी पहिला फोटो लावला. पाणीच पाणी आणि त्यावर पक्षीच पक्षी. दुसरा लावला. त्याच जागी उंच टॉवरांची रांग, खाली पार्किंग, कमानीवर तळ्याचंच नाव. त्या तळ्यातल्या पक्ष्यांची नोंद जगात फक्त गोडबोल्यांकडे उरली होती, म्हणून तळं गेल्यापासून ज्याला त्याला त्यांच्याच पेपरचा उल्लेख करावा लागत होता. अलीकडे इंडेक्स भराभर चढला होता तो त्यामुळे.

अध्यक्ष खुर्चीत ताठ झाले. "वा! याला म्हणतात बिफोर-आफ्टर! काय फरक आहे!"

गोडबोले फोटोकडे बघत नव्हते. खाली मान घालून म्हणाले, "सर, तळं बुजवलं."

"दिसतंय ना! एका नजरेत दिसतंय!"

"पक्षी आता येत नाहीत, सर."

"एक्झॅक्टली!" असं म्हणून अध्यक्षांनी टाळी वाजवली. मग बाकीच्या समितीनेही वाजवली. डायरेक्टरसाहेबांनीही वाजवली. गोडबोल्यांचे डोळे भरून आले होते. समितीला वाटलं, आनंदाने.

निकाल तिथेच सांगितला. गोडबोल्यांना बढती. फिलोमिनाची केस नामंजूर, कॉन्ट्रॅक्ट संपलं की स्टेशन बंद. फिलोमिनाने लॅपटॉपची पिन काढली, वायर गुंडाळली, पदर सारखा केला. बाहेर पडताना अध्यक्ष मुद्दाम उठून तिच्यापाशी आले. हसरा माणूस, कुणाचं मन मोडून त्यांना जाववेना. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"असं नाराज नका होऊ, मॅडम. तुमचा पहिला फोटो फार सुंदर आलाय. तो जपून ठेवा. उद्या खाडीचं काही झालं ना, की तुमची केस एकदम स्ट्राँग होईल!"